फारकतनामा आणि हुकूमनामा

हिंदू कुटुंबातील विवाह मोडण्याची प्रक्रिया न्यायालयात सुरू होत नाही, आणि मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ती पुष्कळदा न्यायालयात संपतही नाही. परभणी तालुक्यातील पोखर्णी हे नृसिंहाच्या मंदिरामुळे सर्वदूर ठाऊक असलेले, परभणी-परळी लोहमार्गावरचे गाव असो किंवा गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची गावे असोत, येथे विवाह प्रथम मोडतो तो मुलगी माहेरी येऊन बसते आणि सासरहून तिला न्यायला कोणी येत नाही तेव्हा. पुढे सोयऱ्यांची बैठक होते, बैठकीत तोड निघाली नाही तर पोलिस ठाण्यातील तक्रार आणि पोटगीचा अर्ज येतो, आणि विवाह संपल्याचे जाहीर करणारा न्यायालयाचा लेखी निर्णय, ज्याला हुकूमनामा म्हणतात, तो या सगळ्याच्या शेवटी, आला तर येतो. 2011 च्या जनगणनेत देशभरात, सर्व धर्मांचे मिळून, सुमारे साडेतेरा लाख व्यक्तींची नोंद घटस्फोटित अशी झाली, तर विवाह कायम असून विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट निघाली. हिंदूंमधील घटस्फोटाचा विचार या विभक्तांपासूनच सुरू करावा लागतो, कारण कायद्याने विवाहित आणि व्यवहाराने एकटी अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहिलेल्या स्त्रिया, ज्यांना सरकारी कागदांत परित्यक्ता आणि गावात टाकलेली म्हणतात, त्यांच्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

हिंदू धर्मशास्त्राने विवाह हा संस्कार मानला आणि तो अविच्छेद्य ठरवला, हे खरे असले तरी पूर्ण खरे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांच्या द्वेषामुळे पतिपत्नींची सुटका मान्य केलेली आहे, मात्र धर्म्य मानलेल्या चार विवाहप्रकारांना ती लागू नाही; नारद आणि पराशर यांच्या स्मृतींनी पती नाहीसा होणे, मरणे, संन्यास घेणे, क्लीब असणे आणि पतित होणे या पाच आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची मोकळीक दिली आहे. शिवाय मराठी मुलुखातील बहुसंख्य जातींचा व्यवहार ग्रंथांवर चालतच नव्हता, तो रूढीवर चालत होता. चारचौघांसमोर काडी मोडून नाते तुटल्याचे जाहीर करण्याची काडीमोडीची पद्धत, पतीने लिहून दिलेली सोडचिठ्ठी, आणि सुटलेल्या किंवा विधवा स्त्रीचा पाट अथवा म्होतूर लावणे, म्हणजे साध्या विधीने होणारा दुसरा विवाह, या गोष्टी शेतकरी, कारागीर आणि बलुतेदार जातींमध्ये सर्रास चालत. आर्थर स्टील याने मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी दख्खनमधील जातींच्या रूढींचे जे संकलन 1827 मध्ये सिद्ध केले, त्यातही त्यांची नोंद सापडते. हिंदू कोड बिलावरच्या वादात घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल अशी ओरड झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके याच वस्तुस्थितीकडे बोट दाखवले होते की, हिंदू समाजाच्या फार मोठ्या भागात घटस्फोट रूढीने चालत आलेला आहे आणि तो नाकारणारी मंडळी वरच्या थोड्या जातींची रीत सर्वांची म्हणून पुढे करीत आहेत.

इंग्रजी न्यायालयांनी या रूढी काही अंशी मानल्या, पण त्यांच्यावर स्वतःचा लगाम ठेवला. 1876 मध्ये शंभू रघू याच्यावरील खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा पतीच्या संमतीवाचून स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. परिणामी जातीच्या पंचांकडून सुटका मिळवणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने द्विविवाहविरोधी कलमाच्या कचाट्यात सापडू शकत होती, आणि दुसरीकडे न्यायालयाजवळ तिला देण्यासारखा घटस्फोट नव्हताच. रखमाबाईंच्या खटल्यात हा पेच साऱ्या देशासमोर आला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये दाखल झालेला वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, म्हणजे पत्नीला नांदायला येण्याचा हुकूम मागणारा दावा, 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी फेटाळला, तर 1887 मध्ये फेरसुनावणीत पतीकडे जा अन्यथा सहा महिने कारावास भोगा असा निकाल झाला. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, पण तडजोडीने विवाह संपला नाही, कारण तो संपवणारा कायदाच नव्हता. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई 25 सप्टेंबर 1955 रोजी वारल्या, म्हणजे हिंदू स्त्रीला घटस्फोट देणारा देशव्यापी कायदा पाहूनच त्या गेल्या, ही गोष्ट येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

घटस्फोटाचा कायदा मराठी माणसांपर्यंत एकाच वेळी पोहोचला नाही. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या 1910 च्या कायद्याने दिवाणी घटस्फोट आला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह बेकायदा ठरवला आणि 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. परभणी जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 17 सप्टेंबर 1948 च्या हैदराबाद मुक्तीनंतरही तो हैदराबाद राज्यातच राहिला, त्यामुळे मुंबईचे हे कायदे पोखर्णीपर्यंत आले नाहीत. येथे 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह अधिनियम अमलात आला, तोपर्यंत ज्या जातींत काडीमोड होती त्यांना ती होती आणि ज्यांच्यात नव्हती त्या स्त्रियांना सुटकेचा मार्ग नव्हता.

1955 च्या अधिनियमाने हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही कवेत घेतले; अनुसूचित जमातींना, म्हणजे जिंतूर भागात वस्ती असलेल्या आंध समाजासारख्यांना, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो लागू होत नाही. मूळ कायद्यातील घटस्फोटाची दारे अरुंद होती. क्रूरता किंवा परित्याग, म्हणजे सबळ कारणावाचून सलग दोन वर्षे सोडून राहणे, या कारणांवर तेव्हा फक्त न्यायिक विभक्तता मिळत असे, म्हणजे एकत्र राहण्याचे बंधन सुटे पण विवाह कायम राही. 1976 च्या दुरुस्तीने ही दोन्ही कारणे घटस्फोटाची कारणे झाली, व्यभिचाराचा निकष सैल झाला आणि परस्परसंमतीचा घटस्फोट प्रथमच आला. क्रूरता म्हणजे काय, याची चौकट मात्र पुण्यात झालेल्या एका विवाहातून निघालेल्या दास्ताने खटल्यात 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आखली: फौजदारी गुन्ह्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, दोन्ही बाजूंपैकी कोणती अधिक संभाव्य वाटते एवढे पाहायचे, आणि या विशिष्ट जोडप्याच्या बाबतीत ते वागणे असह्य होते का हे पाहायचे. मारहाण झालीच पाहिजे असे नाही. सततची मानहानी, चारित्र्यावरचे बेछूट आरोप, हुंड्यासाठीचा छळ हेही क्रूरतेतच येते.

परभणीच्या संदर्भात एक कारण विशेष महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत कमी वापरले जाते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 48 टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले, आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. यामागे गरिबी आहे, मुलीच्या सुरक्षिततेची भीती आहे आणि ऊसतोडीची रचनाही आहे. कारखान्याचा मुकादम हंगामाआधी जी उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे देतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. मुलीला एकटी घरी ठेवून फडावर जायचे नाही, आणि मुलाचे लग्न झाले की पूर्ण कोयत्याची उचल मिळते, या हिशेबात सोळाव्या वर्षीची लग्ने ठरतात. अशा विवाहासाठी घटस्फोटाच्या लांब रस्त्याची गरजच नसते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार अल्पवयात विवाह झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलगी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, तो विवाह रद्द करून मागू शकते, क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर नसते, तिला पुनर्विवाहापर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो आणि झालेले अपत्य औरसच राहते. परंतु वयाची ती दोन वर्षे मुलगी सासरी टिकवण्याच्या बैठकांतच निघून जातात, लग्न लावणाऱ्या वडिलांनाही स्वतःवर गुन्हा येण्याची धास्ती असते, आणि विशी ओलांडली की हा जवळचा दरवाजा बंद होतो.

बैठकीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिचे काम काय ते पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. दोन्हीकडचे चार वडीलधारे, सोयरीक जमवणारा मध्यस्थ, कधी सरपंच किंवा पोलिस पाटील, यांच्यासमोर दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मांडली जातात, मुलीला चांगले नांदवण्याची हमी घेतली जाते, आणि पुष्कळ संसार अशा हमीवर पुन्हा सुरू होतात, हे नाकारता येत नाही. दोष असा की, बैठकीत मुलगी स्वतः क्वचितच बोलते, आणि मारहाणीची तक्रार व स्वयंपाक न जमण्याची तक्रार एकाच तागडीत घातली जाते. जातपंचायतीने दंड करणे किंवा कुटुंबाला वाळीत टाकणे हा तर 2017 पासून महाराष्ट्रात अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नांदवायचे नाही असे बैठकीत ठरले की फारकतीचा कागद होतो, आणि खरा अनर्थ येथे घडतो. पूर्वी शंभराच्या आणि अलीकडे पाचशेच्या बाँडवर टंकलेखक ठरलेला मजकूर उतरवतो: आमचे विचार जुळत नाहीत, आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय फारकत घेत आहोत, लग्नातील भांडी व दागिने परत मिळाले, अमुक रक्कम रोख मिळाली, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही, दोघांनाही दुसरे लग्न करण्यास हरकत नाही. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोन्हीकडचे साक्षीदार, आणि नोटरीचा लाल शिक्का. हा कागद पाहणाऱ्याला तो न्यायालयाच्या कागदासारखाच वाटतो, पण नोटरी केवळ सही कोणाची आहे एवढेच प्रमाणित करतो, विवाह संपवण्याचा अधिकार त्याला नाही. 1955 च्या अधिनियमाच्या कलम 29 ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे, परंतु आपल्या जातीत अशी रूढी आहे, ती प्राचीन आणि अखंड आहे, आणि या प्रकरणात ती तिच्या रीतीनुसार पाळली गेली, हे न्यायालयात स्पष्टपणे मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये यमनाजी जाधव यांच्या खटल्यात बजावले आहे. बाँडवरची फारकत ही जुन्या काडीमोडीची वारस आहे असे गावात मानले जात असले तरी हा पुरावा उभा करणे फार अवघड जाते.

या कागदाची किंमत पुरुषाला क्वचित आणि स्त्रीला हमखास मोजावी लागते. फारकतनाम्यावर विसंबून तिचा दुसरा विवाह लावला गेला आणि तोही बिनसला, तर पहिला विवाह कायम होता म्हणून दुसरा मुळातच शून्य, असा बचाव दुसरा पती घेतो. पुरुषाचा पहिला विवाह कायम असताना झालेली दुसरी पत्नी ही कायद्याने पत्नीच नव्हे, म्हणून तिला पोटगी नाही, असा निकाल यमुनाबाई आढाव खटल्यात 1988 मध्ये झाला होता. पहिले लग्न लपवून फसवणाऱ्या पुरुषाला या बचावाचा लाभ घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच गोडसे खटल्यात म्हटले, आणि जानेवारी 2025 मध्ये आणखी पुढे जाऊन, पहिल्या पतीपासून केवळ लेखी कराराने विभक्त झालेल्या स्त्रीलाही दुसऱ्या पतीकडून पोटगी मंजूर केली. हा बदल मोलाचा आहे. तरीही तो मिळवण्यासाठी संबंधित स्त्रीला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे विसरून चालणार नाही. उलट, पतीने घटस्फोटावाचून दुसरे लग्न केले तर तो गुन्हा आहे खरा, पण दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर पडतो, आणि 1965 मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात गांधर्व पद्धतीने लागलेल्या विवाहाचे विधी सिद्ध न झाल्यामुळेच आरोपी सुटले होते.

हुकूमनाम्याचा मार्ग लोक समजतात तितका अगम्य नाही. घटस्फोटाची याचिका, अपवाद वगळता, विवाहाला एक वर्ष होईपर्यंत दाखल करता येत नाही. ती कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायालयात दाखल होते. 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः जेथे राहते तेथील न्यायालयात दाद मागू शकते, त्यामुळे पती चाकणच्या कारखान्यात असला तरी पोखर्णीला माहेरी आलेल्या स्त्रीला परभणीतच याचिका करता येते. 1987 च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. विवाहाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका आणि छायाचित्रे चालतात, तरी गावात ग्रामसेवकाकडे होणारी विवाहनोंदणी असली की वादाचा एक मोठा मुद्दा आधीच मिटतो.

परस्परसंमतीचा घटस्फोट सर्वांत सुटसुटीत. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागतात, संयुक्त अर्जानंतर सहा महिन्यांनी ते पुन्हा न्यायालयासमोर संमती सांगतात, आणि तोपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. समेटाची शक्यताच उरली नसेल आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा निर्णय झाला असेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे 2017 मध्ये ठरले. बाँडवर सही करायला तयार असलेली दोन्ही घरे हीच सही न्यायालयात सहज करू शकली असती, आणि तीत स्त्रीच्या पदरात पुढे कोणी हिरावून घेऊ शकणार नाही असा कागद पडला असता, हे वकिलांनी आणि नोटरींनी पक्षकारांना सांगायला हवे.

संमतीवाचून लढवायच्या याचिकेत मात्र डावपेच सुरू होतात. पत्नीने पोटगी मागताच पती 1955 च्या अधिनियमाच्या कलम 9 खाली नांदायला येण्याचा दावा लावतो, म्हणजे मी तिला न्यायला तयार आहे, तीच येत नाही, असे दाखवता येते. रखमाबाईंना ज्या दाव्याने गाठले त्याचेच हे आजचे रूप. आता त्यात कारावास नाही, परंतु असा हुकूम होऊन वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत तर तेच घटस्फोटाचे कारण बनते. केवळ हा हुकूम पाळला नाही म्हणून पत्नीची पोटगी आपोआप बुडत नाही, सबळ कारण असेल तर ती मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न हा खासगी दुर्दैवाचा नसून सार्वजनिक न्यायाचा आहे, ही जाणीव महाराष्ट्रात चळवळींनी आणली. दक्षिण महाराष्ट्रात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकाराने परित्यक्तांचे संघटन झाले. संगमनेरला 1980 च्या दशकाच्या अखेरीस समता आंदोलनाने त्यांच्या परिषदा घेतल्या, आणि त्या कामातील वकील निशा शिवूरकर यांनी पुढे या लढ्यावर ग्रंथ लिहिला. परभणीत ज्या शेतकरी संघटनेचे बळ मोठे होते, तिने 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली, म्हणजे पतीने आपल्या जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करून द्यायचा. आज संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आणि 2024 च्या लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रिया पात्र धरल्या जातात, त्यातून महिना दीड हजार मिळतात, आणि घराबाहेर पडलेल्या बाईला ती रक्कम लहान नाही; पण ती पोटगीची जागा घेऊ शकत नाही, जमिनीची तर नाहीच.

मराठवाड्यात पोटगीचा खरा वाद जमिनीवर येऊन थांबतो. हिंदू विवाह कायद्यात गोव्याप्रमाणे पतिपत्नींच्या संपत्तीची विवाहाबरोबर होणारी भागीदारी नाही, त्यामुळे वीस वर्षे सासरच्या शेतात राबलेल्या स्त्रीचा घटस्फोटाच्या वेळी त्या शेतात पत्नी म्हणून हिस्सा नसतो. माहेरच्या जमिनीत 1994 च्या राज्य दुरुस्तीने आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला मुलाइतका हक्क मिळाला आहे, पण भावांनी मागताच हक्कसोडपत्रावर सही करण्याची रीत इतकी रुळली आहे की, संसार मोडून परत आलेली बहीण आपल्याच वडिलांच्या वाड्यात आश्रित ठरते. पोटगीच्या अर्जावर पती सांगतो की त्याच्या नावावर काही नाही, सातबारा वडिलांचा आहे आणि तो त्यांच्याकडे मजुरीने जातो. या उत्तराला तोड म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले, वडिलोपार्जित मालमत्तेतील वाटाही त्यात दाखवायला लावला, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी असे सांगितले. दुसरी तोड खुद्द 1955 च्या अधिनियमाच्या कलम 25 मध्ये पहिल्यापासून आहे: घटस्फोटाचा हुकूम देताना किंवा त्यानंतर केव्हाही न्यायालय कायम पोटगी ठरवू शकते, आणि ती वसूल होण्याची खात्री राहावी म्हणून पतीच्या स्थावर मालमत्तेवर तिचा बोजा ठेवू शकते. असा हुकूम तलाठ्याकडे गेला आणि त्याचा फेरफार मंजूर झाला की, सोसायटीच्या कर्जाची नोंद जेथे होते त्याच इतर हक्कांच्या रकान्यात त्या स्त्रीच्या पोटगीचीही नोंद होते, आणि ती डावलून ते शेत निर्वेध विकता येत नाही.